न्यूकेर्क नक्की कुठलं? न्यू नेदरलँडमधल्या मूळ पुरुषाचा माग

ताई, तुमचा प्रश्न आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुमच्या जावयाचं घराणं न्यू जर्सीतलं, पिढ्यान्‌पिढ्या त्याच भागातलं. घराण्याचा मूळ पुरुष १६५०च्या दशकात न्यू ॲमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, पहिल्यांदा कागदावर दिसतो. जावयाची आजी म्हणायची, आपण डच. १९००च्या सुमारास छापलेलं घराण्याचं पुस्तक म्हणतं, डॅनिश सरदार. डीएनए चाचणीचा अहवाल म्हणतो, थोडे स्कँडिनेव्हियन, थोडे जर्मन. तुमच्या हातात त्याच्या लग्नाची नोंद आहे, तिच्यात नावापुढे ‘फान न्यूकेर्क’ एवढंच. शिवाय तीन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी. आणि नातवाला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचाय, त्यात मूळ पुरुषाशेजारी कोणत्या देशाचा झेंडा लावायचा ते तुम्ही विचारताय.

आज तरी कोणताच लावू नका. गेली वीसेक वर्षं मी याच वसाहतीची, म्हणजे आजच्या न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या भागातल्या डचांच्या न्यू नेदरलँडची, कागदपत्रं वाचतोय, आणि ‘तो कुठल्या देशाचा’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालेली घराणी बोटांवर मोजण्याइतकी. ‘तो कुठल्या गावचा’ याला मात्र बऱ्याचदा उत्तर मिळतं. गाव मिळालं की त्या वर्षी तिथे राज्य कुणाचं होतं ते बघायचं. आधी देश ठरवून मग त्यात गाव शोधायला गेलात, तर हवं ते गाव हटकून सापडतं, आणि तेच चुकीचं असतं.

नावापासून सुरू करू. नाव इथे लिहीत नाही, पण ते ‘यान यान्सेन’च्या जातीचं आहे, गल्लीत हाक मारली तर चौघं वळून बघतील असं. अमेरिकन मंडळी या नावांपुढे हात टेकतात. आपल्याला ती कळायला सोपी, कारण ‘यान्सेन’ म्हणजे आपलं मधलं नाव: यानचा मुलगा. त्याच्या मुलाचं नाव पीटर असेल तर तो पीटर यान्सेन, आणि त्याचा मुलगा अमुक पीटरसेन. दर पिढीला बदलणारं नाव आडनाव समजून शोधलंत तर दुसऱ्याच पिढीत धागा तुटतो. ‘फान’चं काम आपल्या ‘कर’सारखं. चिपळुणात कुणी कुणाला चिपळूणकर म्हणत नाही, गाव सोडल्यावर ते चिकटतं. तसंच ‘फान न्यूकेर्क’ हे न्यूकेर्क सोडल्यावर चिकटलेलं. बायकांचं एक बरं होतं: डच रिवाजाने लग्नानंतरही कागदोपत्री बापाचंच नाव चालायचं. त्यामुळे नवरा हरवला तरी बायकोच्या नावावरून जोडपं सापडतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. १६६४मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतली आणि पुढच्या दोनतीन पिढ्यांत एकेका घराण्याने कायमचं आडनाव धरलं. कुणी गावाचं, कुणी धंद्याचं, कुणी आजोबाचं. सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावं धरल्याचीही उदाहरणं आहेत.

आता आजीचं ‘डच’. वसाहत डचांची होती, पण वसाहतकरी सगळे डच नव्हते. १६२४ साली ‘न्यू नेदरलँड’ जहाजातून आलेली सुमारे तीस कुटुंबं बहुतेक वालून, म्हणजे आजच्या दक्षिण बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधली फ्रेंच बोलणारी प्रॉटेस्टंट मंडळी. १६४३मध्ये मॅनहॅटनवर आलेल्या इझाक जोग या फ्रेंच पाद्र्याला खुद्द तिथल्या गव्हर्नराने सांगितलं होतं की इथे अठरा भाषांची माणसं आहेत, आणि तेव्हा बेटावर नि आसपास पुरुष होते चारपाचशे. ज्यांचं मूळ गाव आज माहीत आहे अशा स्थलांतरितांपैकी जवळपास निम्मे आजच्या नेदरलँड्सबाहेरचे होते. ही माणसं डच चर्चमध्ये गेली, डचमध्ये बोलली, त्यांची नावं डच कारकुनांनी लिहिली. तिसऱ्या पिढीला आपण डचच वाटणार. आजी खोटं बोलत नव्हती. घरात जी भाषा उरली ती तिने सांगितली, मूळ पुरुषाचं जन्मगाव तिला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. शिवाय इंग्रजीतल्या ‘डच’ शब्दाने गोंधळ केलाय तो वेगळाच. अठराव्या शतकातल्या इंग्रज कारकुनाला जर्मन बोलणाराही ‘डच’च. पेनसिल्व्हेनियातले ‘डच’ म्हणजे मुळात जर्मन, हे तुम्ही तिथे ऐकलंच असेल.

सरहद्दींचं बघा. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्स्ट्रांड नावाचं बंदर आहे. तिथला रूलॉफ यान्सेन नावाचा खलाशी १६३० साली न्यू नेदरलँडला पोचला. आजच्या नकाशाने तो स्वीडिश. पण मार्स्ट्रांड तेव्हा नॉर्वेत होतं, आणि नॉर्वेवर राज्य डेन्मार्कच्या राजाचं. १६५८च्या रॉसकिल्डच्या तहाने तो सगळा पट्टा स्वीडनला गेला, पण तोवर रूलॉफला वारून वीस वर्षं झाली होती. डचांनी त्याच्या गावाचं नाव लिहिलंय ‘मास्टरलांड’. सांगा, झेंडा कोणता? किंवा झेसे द फॉरे घ्या, १६२१ साली इंग्लंडच्या राजदूताकडे वालून कुटुंबांच्या वतीने अर्ज नेणारा. त्याचं गाव आव्हेन आज फ्रान्समध्ये, तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये. फ्रान्सला ते मिळालं १६५९मध्ये. न्यू पाल्ट्झ वसवणाऱ्यांचा म्होरक्या लुई द्यू ब्वाही असाच. लील शहराजवळच्या खेड्यात जन्म, भाषा फ्रेंच, लग्न जर्मनीतल्या मानहाइममध्ये, आणि हडसनच्या खोऱ्यात वसवलेल्या गावाला नाव दिलं ते जर्मनीतल्या पाल्ट्झ संस्थानाचं. शेजारी त्याला ‘वालून लुई’ म्हणायचे.

सतराव्या शतकातल्या माणसाला तुझा देश कोणता असं विचारलं असतं तर त्याने गाव सांगितलं असतं, फार तर राजा, आणि त्याआधी बहुधा पंथ. कागदांवरही तेच उतरलंय, त्यामुळे आपलं काम खरं तर सोपं होतं.

तर ‘न्यूकेर्क’. अर्थ नुसता ‘नवं चर्च’. आता ‘नवं चर्च’ नावाची गावं किती असतील! तुमच्या जावयाने नेदरलँड्सच्या नकाशात शोधलं आणि गेल्डरलँडमधलं नाइकेर्क मिळाल्यावर तिथेच थांबला. चूक त्याची नाही, ते खरंच तगडं उमेदवार आहे. हडसनच्या वरच्या अंगाला रेन्सेलर्सवाइक नावाची मोठी जहागीर होती. तिचा मालक किलियान फान रेन्सेलर हा ॲमस्टरडॅमचा जवाहिऱ्या, त्याच्या घराण्याची मुळं नाइकेर्कच्या परिसरात, आणि कुळं नि नोकर गोळा करताना त्याने त्या भागातून बरीच माणसं उचलली. त्याचा नातलग आरेंट फान कुर्लर नाइकेर्कचाच. पण यादी इथे संपत नाही. गेल्डर्न गावाजवळ दुसरं एक न्यूकेर्क आहे. ते आज जर्मनीत, तेव्हा स्पॅनिश ताब्यात, आणि बोली मात्र डचला लागून. पश्चिम फ्लँडर्समधलं न्यूवकेर्क आज बेल्जियममध्ये. आणि श्लेसविग-होल्श्टाइनमध्ये, म्हणजे आजच्या जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कला लागून, नॉयकिर्शेन नावाची गावं एकाहून जास्त. तिथला माणूस ॲमस्टरडॅमच्या किंवा न्यू ॲमस्टरडॅमच्या कारकुनापुढे उभा राहून ‘नीकार्क’ असं काहीतरी पुटपुटला, तर कारकून काय लिहिणार? न्यूकेर्क.

डच कारकुनांना परकी गावनावं आपल्या वळणावर आणायची दांडगी खोड. लील म्हणजे ‘राइसेल’, तूर्ने म्हणजे ‘डोर्निक’, काँब्रे म्हणजे ‘कामेराइक’, आखेन म्हणजे ‘आकेन’. डोर्निकचा माणूस वाचताना पक्का डच वाटतो आणि निघतो फ्रेंच बोलणारा. सगळ्यात घातक ‘बेर्गेन’. नॉर्वेतलं मोठं बंदर बेर्गेन, ब्राबांटमधलं बेर्गेन-ऑप-झोम, उत्तर हॉलंडमधलं छोटं बेर्गेन, आणि बेल्जियममधल्या मॉन्स शहराचं डच नावही बेर्गेनच. या कामाला लागलो त्या सुरुवातीच्या काळात एका घराण्यासाठी मी आठ महिने बेर्गेन-ऑप-झोमची दफ्तरं चाळली होती. माणूस नॉर्वेचा होता. त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे दोन्ही साक्षीदार नॉर्वेचे, हे माझ्याच फायलीत पहिल्या दिवसापासून पडून होतं. तेव्हापासून साक्षीदार आधी वाचतो.

नशीब थोर असेल तर टोपणनाव मदतीला येतं. आल्बर्ट आंद्रिसेन ब्राट १६३६मध्ये फान रेन्सेलरशी करार करून निघाला. करारात गाव लिहिलंय ‘फ्रेडरिकस्टाड’. एक फ्रेड्रिकस्टाड नॉर्वेत आहे, १५६७मध्ये वसवलेलं. दुसरं फ्रीड्रिखश्टाट श्लेसविगमध्ये, १६२१ साली हॉलंडमधून परागंदा झालेल्या रेमॉन्स्ट्रंट पंथीयांसाठी वसवलेलं. दुसऱ्याची ओढ वाटते, कारण ते गावच अर्धंअधिक डच. पण आल्बर्टला शेजारीपाजारी ‘द नोरमन’ म्हणत, म्हणजे नॉर्वेवाला, आणि ज्या ओढ्यावर तो राहिला त्याला आल्बनीजवळ आजही नॉर्मन्स किल म्हणतात. प्रश्न मिटला. (त्या प्रवासात, भर वादळात, त्याला मुलगा झाला. नाव ठेवलं स्टॉर्म, आणि पुढे तो स्वतःला ‘फान डर झे’, म्हणजे समुद्राचा, म्हणवू लागला. या आडनावावरून मूळ गाव शोधणाऱ्या वंशजांची मला फार दया येते.)

तुमच्याकडे टोपणनाव नाही, तेव्हा आता कागद. क्रम महत्त्वाचा आहे: माहीत असलेल्याकडून माहीत नसलेल्याकडे, नातवाकडून आजोबाकडे, आणि अमेरिकेतला शेवटचा कागद वाचून झाल्याशिवाय युरोपात पाऊल टाकायचं नाही. तुमची लग्नाची नोंद न्यू ॲमस्टरडॅमच्या डच चर्चच्या वहीतली. या वह्या १६३९पासूनच्या मिळतात आणि छापूनही झाल्या आहेत. त्यात वराच्या नावापुढे जे ‘जे. एम.’ दिसतंय ते ‘योंगमन’, म्हणजे याआधी लग्न न झालेला. ही दोन अक्षरं तुम्ही लिहून घेतली नव्हती, पण सगळ्यात कामाची तीच. पहिलं लग्न मॅनहॅटनवर झालंय म्हणजे ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या लग्नाची नोंद शोधून उपयोग नाही. उलट बायकोपुढे ‘वेडुव’ आहे, म्हणजे विधवा, आणि तिचं गाव ‘ॲमस्टरडॅम’. इथे सावध. नोंदीतलं गाव सहसा जन्मगाव असतं, पण ॲमस्टरडॅम हा अपवाद वारंवार निघतो. तिथे चारपाच वर्षं काढलेला माणूसही ‘फान ॲमस्टरडॅम’ होऊन जातो. शेवटचा थांबा आणि जन्मगाव एक समजू नका.

बाई विधवा आहे म्हणजे तिचं पहिलं लग्न कुठेतरी नोंदलेलं असणार, आणि तिथे आपल्याला ॲमस्टरडॅम शहराच्या दफ्तराचा आधार आहे. त्या शहरात १५७८पासून लग्नाआधी जाहीर नोंद करावी लागे, तिला ‘ओंडरट्राउ’ म्हणतात. वर आणि वधू, दोघांचं गाव, वय, वराचा धंदा, राहायची गल्ली, आईबाप हयात आहेत का, सोबत कोण आलंय, आणि खाली दोघांच्या सह्या किंवा निशाण्या. अशा वह्या १८११पर्यंतच्या, स्कॅन करून, नावांच्या सूचीसह घरबसल्या पाहता येतात. त्या काळी जगात दुसरं कुठलं शहर गरीब खलाशाबद्दल इतकं लिहून ठेवत असेल असं मला वाटत नाही.

ही नोंद काय करू शकते त्याचा नमुना सांगतो. मघाचा रूलॉफ यान्सेन, त्याची बायको आनेके यान्स. अमेरिकेत या बाईची हजारो वंशज मंडळी आहेत. मॅनहॅटनवरची नवऱ्याकडून आलेली बासष्ट एकरांची तिची शेती पुढे ट्रिनिटी चर्चच्या ताब्यात गेली, आणि वारस म्हणवणाऱ्यांनी तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालवले. त्या भरात एक दंतकथा जन्मली: आनेके ही ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याची नात, प्रेमविवाह केला म्हणून तोडलेली, आणि हॉलंडमध्ये तिच्या नावे अमाप पैसा पडून आहे. या कथेवर लोकांनी वर्गण्या काढल्या. ॲमस्टरडॅमची एप्रिल १६२३ची नोंद मात्र शांतपणे सांगते: रूलॉफ यान्सेन, मास्टरलांडचा, खलाशी, वय २१. आना यान्स, नॉर्वेतल्या ‘फ्लेकेरे’ची, वय १८. फ्लेकेरे म्हणजे नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं फ्लेकेरई बेट, खलाशांचा अड्डा. तिची आई पुढे न्यू ॲमस्टरडॅममध्ये सुईण होती. राजवाडा वगैरे काही नाही, समुद्रकाठची कष्टाळू माणसं. लिहिणाऱ्या कारकुनाला वारसा सांगायचा नव्हता, बढाई मारायची नव्हती, पुढचं जोडपं दारात ताटकळत होतं. म्हणून मी त्याचं ऐकतो.

तुमच्या कामासाठी या दफ्तरात शिरताना दोन गोष्टी सांभाळा. तुमच्या माणसाच्या नावाने शोधू नका, शेकड्याने यान यान्सेन येतील. बायकोचं नाव घाला, ते जरा वेगळं आहे, आणि वर्षांची मर्यादा द्या. दुसरं म्हणजे, वह्या दोन प्रकारच्या आहेत. डच रिफॉर्म्ड चर्चच्या, म्हणजे तिथल्या मुख्य प्रॉटेस्टंट पंथाच्या, जोडप्यांची नोंद चर्चमध्ये, बाकीच्या पंथांची नगरभवनात, तिला ‘पाउ’ची वही म्हणतात. लूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरचा पंथ मानणारे, लोक या दुसऱ्या वहीत मिळतात. पुष्कळ जण पहिलीच चाळतात आणि ‘नोंद नाही’ म्हणून मोकळे होतात.

लूथरन हा शब्द मुद्दाम काढला, कारण तुमचे साक्षीदार. बाप्तिस्म्याच्या तीन नोंदी तुम्ही पाठवल्यात, पण पत्रात फक्त मुलांची नावं उतरवलीत. स्कॅन मोठा करून वाचला. पहिल्या आणि तिसऱ्या मुलाला एकच बाई साक्षीदार आहे, आणि तिचा नवरा त्याच वहीत दुसऱ्या पानावर ‘फान हुसुम’ म्हणून येतो. हुसुम हे श्लेसविगच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर, लूथरनांच्या मुलखातलं. परक्या मुलखात माणूस मुलाला कडेवर द्यायला गाववाल्यांना किंवा नातलगांना बोलावतो. दोनदा बोलावलं तर नातं नक्की काहीतरी आहे. त्या किनाऱ्यावरून माणसं का निघाली हेही माहीत आहे. ऑक्टोबर १६३४च्या वादळी रात्री समुद्र बांध फोडून आत आला, ष्ट्रांड नावाचं बेट फुटून तुकडे झाले, हजारो माणसं बुडाली. वाचलेल्यांतले कित्येक हॉलंडच्या बंदरांकडे वळले, काही पुढे न्यू नेदरलँडला. ‘फान नोर्टस्ट्रांट’ म्हणून वह्यांत येतात ते हे लोक. भाषा फ्रीजियन किंवा लो जर्मन, राज्य गोटॉर्पच्या ड्यूकचं, आणि श्लेसविगवर हक्क सांगणारा डेन्मार्कचा राजा. एकाच माणसाला डॅनिश, जर्मन आणि फ्रीजियन म्हणता येतं आणि तिन्ही बरोबर ठरतं.

म्हणून माझा कल आज नाइकेर्कपेक्षा श्लेसविग-होल्श्टाइनमधल्या नॉयकिर्शेनकडे आहे. कल म्हणतोय, निष्कर्ष नाही. एका साक्षीदारावर घर बांधायचं नसतं. तो पक्का करायला तीन जागा आहेत. एक, वसाहतीतल्या लूथरनांचे अर्ज. न्यू ॲमस्टरडॅममध्ये त्यांना स्वतःच्या चर्चची परवानगी नव्हती, १६५७मध्ये आलेल्या त्यांच्या पाद्र्याला, योहानेस गुटवासरला, दोन वर्षांनी परत धाडलं, आणि तो राहावा म्हणून मंडळींनी सह्या करून अर्ज दिले. त्या सह्यांत तुमचा माणूस असेल तर नाइकेर्क जवळपास बाद होतं, कारण गेल्डरलँड रिफॉर्म्डांचं. दोन, सही. लग्नाच्या वेळी त्याने सही केली की निशाणी ते वहीतून कळत नाही, पण जमिनीच्या किंवा देण्याघेण्याच्या कागदावर कळेल. न्यू नेदरलँडचे सरकारी कागद आल्बनीत आहेत. १९११ला तिथल्या स्टेट लायब्ररीला आग लागली तेव्हा डच कागद खालच्या फळ्यांवर होते, वरचे इंग्रजी कागद जळून त्यांच्यावर कोसळले आणि खालचे बरेचसे वाचले, कडा करपून. १९७४पासून त्यांची भाषांतरं पद्धतशीर निघतायत आणि फुकट वाचता येतात. निशाणी विचित्र असेल, समजा नांगर किंवा आडवी-उभी रेघ, तर तीच ॲमस्टरडॅमच्या एखाद्या नोटरीच्या कागदावर सापडणं हा मी पाहिलेल्यांतला सगळ्यात पक्का पुरावा. तीन, १६८७ची राजनिष्ठेची शपथ. आजच्या ब्रुकलिनमधल्या, म्हणजे किंग्ज काउंटीतल्या, माणसांनी ती घेतली तेव्हा प्रत्येकापुढे देशात येऊन किती वर्षं झाली ते लिहिलंय, इथेच जन्मलेल्यांपुढे ‘नेटिव्ह’. तुमचा माणूस शेवटी तिकडे राहायला गेला असं तुम्ही लिहिलंयत. आकडा मिळाला की आगमनाचं वर्ष, वर्ष मिळालं की जहाज, जहाज मिळालं की सोबतची माणसं.

वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या याद्या थेट हॉलंडमध्ये का बघू नयेत, असं जावई विचारतोय. बघितल्या असत्या. पण जुन्या वेस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तराचा मोठा भाग १८२१ साली रद्दीत विकला गेला. शेवटच्या काही वर्षांच्या प्रवासभाड्याच्या हिशेबातून काढलेली एक यादी उरलीय, तिच्यात गावंही आहेत. तुमच्या माणसाचं लग्न त्या काळाच्या सुरुवातीला पडतं, तेव्हा एकदा नजर टाका, पण आशा धरू नका. जन्मनोंदीचंही तेच. नॉर्वेत चर्चच्या वह्या बहुतेक ठिकाणी १६८०नंतरच्या, जर्मन भागात तीस वर्षांच्या युद्धाने, १६१८ ते १६४८, किती वह्या गिळल्या त्याचा हिशेब नाही. १६२५च्या आसपास जन्मलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची जन्मनोंद मिळेलच असं कुणी छातीठोक सांगितलं तर पैसे देऊ नका.

यावरून छापील पुस्तकाकडे येतो. डॅनिश सरदाराचं प्रकरण मी फोटोवरून वाचलं. ढालीचं चित्र झकास आहे, आणि एकाही विधानाला कागदाचा आधार दिलेला नाही. त्या काळात अमेरिकेत घराण्यांची पुस्तकं छापायची लाट होती आणि त्या लाटेवर जगणारे भामटेही होते. त्यांत नामांकित गुस्ताव्ह आंजू. स्टॉकहोमचा, मूळ आडनाव युंगबेर्ग, स्वीडनमध्ये बनावट कागदांपायी तुरुंगात जाऊन आलेला. नाव बदलून न्यू यॉर्कमध्ये दुकान मांडलं आणि श्रीमंत घराण्यांना हवे तसे पूर्वज पुरवले. त्याची तऱ्हा अशी की चार खऱ्या नोंदींच्या मधे एक खोटी बेमालूम बसवायची. तुमचं पुस्तक त्याचं आहे असं मी म्हणत नाही, त्यावर कुणाचंच नाव नाही. एवढंच की त्यातलं ‘डॅनिश’ फेकून देऊ नका, ‘सरदार’ फेका. श्लेसविगच्या किनाऱ्यावरून आल्याची आठवण चार पिढ्यांनी ‘डेन्मार्कच्या राजाची प्रजा’ म्हणून सांगितली असेल आणि पाचव्या पिढीतल्या कुणी तिला मुकुट चढवला असेल, हे अगदी शक्य आहे.

डीएनएचं थोडक्यात. जावयापासून मूळ पुरुष अकराव्या-बाराव्या पिढीत. बारा पिढ्या मागे माणसाला कागदावर ४०९६ पूर्वज असतात, आणि दहाव्या पिढीपासूनच एखाद्या ठरावीक पूर्वजाचा एकही तुकडा अंगात नसण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. तेव्हा अहवालातले टक्के या माणसाबद्दल बोलत नाहीयेत, मधल्या साऱ्या पिढ्यांत घरात आलेल्या सगळ्या सुनांबद्दल बोलतायत. उपयोग होऊ शकतो तो वाय गुणसूत्राच्या चाचणीचा, कारण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. मात्र चाचणी मूळ पुरुषापासून अखंड पुरुष-वंशात असलेल्याची हवी. तुमच्या जावयाच्या आजीकडून आडनाव आलंय असं तुम्हीच लिहिलंयत, तेव्हा त्याची नाही, आजीच्या भावाच्या नातवाची, तीही मुलाच्या मुलाची. आणि त्यातून ‘डच की डॅनिश’ कळेल ही अपेक्षा नको. उत्तर समुद्राच्या दोन्ही काठांवर तेच गट मिसळून आहेत. एखाद्या होल्श्टाइनच्या कुटुंबाशी, ज्यांची वंशावळ कागदावर पक्की आहे, जवळची जुळणी निघाली तर मात्र आपण पुन्हा बोलू.

नातवाच्या वंशवृक्षात सध्या असं लिहा: ‘न्यूकेर्कचा, गाव अनिश्चित, बहुधा श्लेसविग-होल्श्टाइन किंवा गेल्डरलँड.’ शाळेतल्या बाईंना चालत नसेल तर झेंड्याच्या जागी जहाज काढू दे, तो तर त्यात नक्की बसला होता.

आणि मला दोन गोष्टी पाठवा. एक, लग्नाच्या नोंदीचं पूर्ण पान, कापलेलं नको. तुमच्या फोटोत डावीकडचा समास कापला गेलाय आणि त्यात शाईचं काहीतरी दिसतंय. तारीख असेल किंवा नुसता डाग असेल, पण त्या वह्यांत समासात नोंदी असतात. दुसरं, बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं नाव. लग्नाच्या ओळीत ‘वेडुव फान’च्या पुढे जो शब्द तुम्ही ‘वाचता येत नाही’ म्हणून सोडलाय, तो गाव नसून त्याचंच नाव आहे. पहिलं अक्षर मला ‘एच’सारखं वाटतंय. ते लागलं की पाउच्या वहीत मी स्वतः बघतो.